परसातला इसम

गुरुवारी सकाळी पावणेबारा वाजता अकोल्याच्या फौजदारी कोर्टात मी गुन्हा कबूल केला.

गुन्हा मी केला नव्हता. हे वाक्य सुरुवातीलाच घेतो, कारण पुढे त्यावर विश्वास ठेवणारे कमी कमी होत जातात, आणि त्यांच्यात शेवटी मी स्वतः उरतो की नाही हे मला आज खात्रीनं सांगता येत नाही. महत्त्वाचं ते आधी, हा बातमीचा नियम. अमरावतीच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान काढण्यात माझी नोकरी गेली. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही आणि जे लिहिलं त्यात रंग भरायचा नाही, एवढ्या दोन सवयी घेऊन मी निवृत्त झालो. दोन्ही त्या गुरुवारी मोडल्या.

सुरुवात पासपोर्टानं झाली. आमची मुलगी आचल मस्कतला असते. श्रावणात तिचं पहिलं बाळंतपण, तेव्हा आम्ही दोघांनी जायचं असं ठरलं. सिंधूचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, पासपोर्ट विनातक्रार आला. माझ्या पडताळणीला आलेला पोलीस मात्र चहाचा कप अर्ध्यावर ठेवून म्हणाला, "काकाजी, तुमच्यावर त अकोल्याले केस पेंडिंग हाय." हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा आदर आला होता. आतापर्यंत तो मला नुसता निवृत्त माणूस समजत होता.

केस अशी. सात वर्षांपूर्वी चैत्रातल्या एका रात्री, अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, पुंजाराम घोगरे यांच्या घरामागच्या परसात, गोठ्याजवळ, एक इसम 'अंधाराचा फायदा घेऊन आपले अस्तित्व लपवून बसलेला' मिळून आला. तिथे असण्याचं कारण विचारता त्यानं समाधानकारक उत्तर दिलं नाही. इसमाचं नाव किशोर यादवराव उमाळे, राहणार राजापेठ, अमरावती. नाव माझं. वडील माझे. घर बांधून रुक्मिणीनगरात येण्यापूर्वी आम्ही भाड्यानं राहत होतो तो पत्ताही माझाच. इसमानं कागदावर अंगठा उमटवला, त्याला नोटीस देऊन सोडलं, आणि तो पुन्हा कधी आला नाही.

समाधानकारक उत्तर मी आयुष्यात कुणालाच दिलेलं नाही, असं सिंधूचं मत आहे. पण त्याबद्दल कलम लागतं हे तिलाही नवीन होतं.

मला लागलं ते वेगळंच. 'आपले अस्तित्व लपवून' हे शब्द पोलिसांच्या पत्रकात रोज यायचे आणि मी रोज ते कापून 'दडून बसला होता' असं करायचो. वर्षानुवर्षं मी ज्या वाक्यावर काट मारली त्या वाक्यात आता मीच बसलो होतो.

शेजारचे गजेंद्र राऊत बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि कॉलनीतल्या कुठल्याही संकटात चप्पल न घालताच धावून येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"हे एवढंच? कबूल करून टाका नं, किशोरभाऊ. मी त दोनदा कबूल झालो."

"पण मी काही केलंच नाही."

"मी तरी कुठी केलं होतं? मांडव मंडळाचा, रस्ता नगरपालिकेचा, मी बुवा नुसता अध्यक्ष. साहेबानं इचारलं कबूल हाय का, म्हटलं हो साहेब. दंड भरला, कोर्ट उठेस्तोर बसलो, येता येता बडनेऱ्याले गिला वडा खाल्ला. तुमी लढाले गेले त निर्दोष सुटसान, नाई म्हनत नाई. पन तोवर नातू दहावीत जाईन."

दोन दिवसांत कळलं की आमच्या सभ्य कॉलनीत कबूल न झालेला माणूस शोधावा लागेल. कुणी कुत्र्यापायी झाला होता, कुणी मुलाच्या मोटारसायकलीपायी. एक गृहस्थ कशापायी झाले ते स्वतः विसरले होते, पण न्यायाधीश सज्जन होते एवढं त्यांना आठवत होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, गुन्हा कबूल म्हणजे 'मी हे केलं.' कोर्टाच्या व्हरांड्यात त्याचा अर्थ 'मला घरी जाऊ द्या' असा आहे. दाढ काढण्यासारखं ते आहे; पहिल्या वेळी माणूस घाबरतो, मग इतरांना दवाखान्याचा पत्ता देत हिंडतो.

सिंधूनं मात्र एका सकाळी गवार निवडता निवडता विचारलं, "त्या रात्री तुमी होते कुठी पन?"

"ऑफिसात."

"आठवते तुमाले?"

"सात वर्षांपूर्वीची एक रात्र कुणाला आठवते?"

"मंग ऑफिसात होतो हे काहून म्हनता?"

हा प्रश्न मी आयुष्यभर वार्ताहरांना विचारत आलो.

अकोल्याच्या अ‍ॅडव्होकेट प्रियदर्शनी या गजेंद्ररावांच्या ओळखीच्या. तरुण, चटपटीत, आणि सतत दुसऱ्याच कोर्टात पुकारा होत असल्यासारख्या घाईत.

"काका, लढायचं असेल तर लढू," त्या म्हणाल्या. "अंगठा तपासायला पाठवू, पंच शोधू, तपास केलेला हवालदार निवृत्त झाला असेल त्याला बोलावू. पासपोर्ट तोपर्यंत थांबेल. कबूल करायचं असेल तर गुरुवारी या. अशी किरकोळ प्रकरणं साहेब गुरुवारी घेतात."

"कबुली नंतर मागे घेता येते?"

"नाही. कबुलीवर शिक्षा झाली की दोषाविरुद्ध अपील नसतं. शिक्षा जास्त झाली म्हणून फक्त रडता येतं. आणि काका, एक करा. 'कबूल' म्हणा आणि थांबा. पुढे काही जोडू नका. लोक जोडतात आणि अडकतात."

पुढे काही जोडू नका. हा सल्ला मला, एका उपसंपादकाला, ती मुलगी देत होती. मी थोडा दुखावलो. तो ऐकायला हवा होता हे गुरुवारी दुपारी कळलं.

कोर्टाची खोली लांबट होती. वैशाखातलं ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन फरशीवर पडलं होतं आणि पंखा वरच्या वर फिरत होता. मागच्या बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायाशी पिशवी. शिपाई तिच्याशी घरच्यासारखा बोलत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ते? ते दर गुरुवारी येते. तारीख असो का नसो."

पुकारा झाला. मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. न्यायाधीश माझ्या आचलच्या वयाचे असतील. त्यांनी आधार कार्ड मागितलं. त्यावरचा राजापेठेचा पत्ता बदलून घ्यायचं गेली सहा वर्षं राहून गेलं होतं. त्यामुळे एका क्षणात सिद्ध झालं की उमाळे तो मीच.

त्यांनी मजकूर वाचून दाखवला. परस, गोठा, अंधार, अस्तित्व. मग माणुसकीनं विचारलं, "समजलं का? कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना? कबूल केलंत तर शिक्षा होईल, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे."

हे दोन शब्द उच्चारायला काही लागत नाही. पण उच्चारल्यावर खोलीत काहीतरी हललं. पाहिलं तर मागच्या बाकावरची म्हातारी उभी राहिली होती आणि हात जोडत होती. न्यायाधीशांना नव्हे. मला.

माझं वय आणि गुन्ह्याचं जुनेपण ही कारणं नोंदवून न्यायाधीशांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली. ही कैद म्हणजे कोर्टातच बाकावर बसून राहायचं. शिपायानं मला मागचा बाक दाखवला. तिथे मी त्या म्हातारीच्या शेजारी बसलो.

तिनं मला निरखून पाहिलं नाही. ओळख पटवण्याची गरज उरली नव्हती. ते काम कोर्टानं केलं होतं.

"आले बाप्पा एकदाचे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी म्हटलं, येईन मानूस. आज ना उद्या येईनच."

"बाई, तुमचा काहीतरी..."

"मी मनकर्णा. पुंजारामची घरवाली. तुमी ज्या परसात बसले होते नं, ते परस आमचं."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, भाजी निवडताना सांगावं तसं. त्याच रात्री पुंजाराम उठून मागच्या दारानं परसात गेले, ते परत आले नाहीत. सकाळी शोधाशोध सुरू झाली तेव्हा कळलं की गस्तीवरच्या पोलिसांना आपल्याच परसात एक माणूस सापडला होता. तोवर त्याला सोडून दिलेलं. विहिरी पाहिल्या, नातेवाईक पाहिले, शेगाव पाहिलं. काही नाही.

"त्या रात्री माह्या परसातून दोन मानसं गेले," मनकर्णाबाई म्हणाली. "एक तुमी. तुमाले पोलिसायनं नेलं. दुसरे हे. ह्यायले कोनं नेलं?"

माझ्या पाठीतून एक थंड रेघ गेली. अकोल्यात, वैशाखात.

"घरचे म्हनतात सात वर्सं झाले, आता पळसाच्या पानाचा पुतळा करू अन् जाळू. मंग तुमी कुकू पुसा. मी म्हटलं, परसातला मानूस येऊ द्या. तो सांगन तसं करीन."

अशा विधीची बातमी मी पानात लावलेली आहे. परागंदा झालेल्याचा देह मिळत नाही, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस बांधून त्याला अग्नी देतात. बातमी छोटी होती. त्या बातमीतली बाई आपल्या शेजारी बसून आपल्या तोंडाकडे पाहील, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

"बाई, खरं सांगतो, मी तिथे नव्हतोच."

ती रागावली नाही. नवल वाटल्यासारखी बघत राहिली. "आत्ता त साहेबासमोर हो म्हनले."

नव्हतो म्हणालो तर साहेबांसमोर खोटं बोललो. होतो म्हणालो तर सांगायलाच हवं. दाराशी उभ्या असलेल्या प्रियदर्शनींनी मान हलवून मला गप्प राहायची खूण केली आणि त्या दुसऱ्या कोर्टात पळाल्या.

"मी तुमाले काही म्हनत नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "चोरी कराले आले असान, नसान, मले काय. कोनीकडे गेले तेवढं सांगा."

"अंधार होता."

"पुनव होती."

फिर्यादीत तर अंधाराचा फायदा घेतला होता. पौर्णिमेला अंधाराचा फायदा कसा घेतात, हे मला मजकूर पहिल्यांदा वाचतानाच खटकायला हवं होतं. पण त्या वेळी मी पासपोर्टाकडे पाहत होतो.

"नाल्याकडे," मी म्हणालो. खेडं म्हटलं की नाला आलाच, यापलीकडे त्या उत्तराला आधार नव्हता. मला वाटलं, एवढ्यावर ती उठेल.

"हातात काही होतं?"

"बॅटरी."

"चालू का बंद?"

"बंद."

पुढे कुणाचं तरी कोंबड्यांचं प्रकरण चाललं होतं. मग ती म्हणाली, "बंदच असन. पुनवेले नसतेच लावत ते. सेलात लय जीव त्यायचा. मले अंधारात पाय ठेचू देत, पन सेल जळू नोको." आणि चक्क हसली. मीही हसलो. दोन माणसं एका ओळखीच्या माणसाबद्दल हसतात तसे हसलो, आणि ते लक्षात येताच मी हसू थांबवलं.

"वापस पाह्यलं का त्यायनं? घराकडे?"

इथे मी थांबायला हवं होतं. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं कडेला ओघळलं होतं.

"हो," मी म्हणालो. "एकदा."

"मी झोपेल होती," मनकर्णाबाई म्हणाली आणि पिशवीतून काढलेली फुलशेंगांची पुडी माझ्यापुढे धरली. कोर्ट उठेपर्यंत आम्ही दोघं ती खात बसलो. बाकावरून उठताना तिनं माझा मोबाइल नंबर शिपायाकडून लिहून घेतला.

घरी परतल्यावर सगळं मार्गी लागेल अशी माझी कल्पना होती. पासपोर्टाचं काम खरंच मार्गी लागलं. बाकीचं नाही.

शनिवारी माझ्याच जुन्या दैनिकात, माझ्याच जुन्या पानावर, तळाला चार ओळी आल्या: परसात आपले अस्तित्व लपवून बसलेल्या अमरावतीच्या इसमास शिक्षा. नावासह. 'आपले अस्तित्व लपवून' तसंच ठेवलेलं. माझ्या जागी आलेल्या मुलाला मी काही शिकवलं नाही, हे सिद्ध झालं. अपमान शिक्षेचा कमी आणि संपादनाचा जास्त वाटला.

रविवारी गजेंद्ररावांनी त्यांच्या मागच्या अंगणात एक भला मोठा दिवा लावून घेतला. मी कुंपणाशी गेलो तर ते शिडी धरून उभे होते.

"काही नाई, असंच," ते म्हणाले. मग आजूबाजूला पाहून, हळूच: "एक इचारू का, किशोरभाऊ? बसले काहून होते पन तुमी तथी?"

"अहो, तुम्हीच म्हणालात कबूल करा!"

"ते त म्हटलंच. पन केलं नं तुमी कबूल." आणि मान खाली घालून ते शिडीच्या पायरीवरची धूळ पुसू लागले.

ज्या कॉलनीत सगळेच कबूल झालेले होते, त्या कॉलनीत माझंच कबूल होणं खरं धरलं गेलं. मांडव, कुत्रा, मोटारसायकल यांच्या कबुल्या लोक विसरून गेले होते. परस कुणी विसरेना. मुलं क्रिकेटचा चेंडू आमच्या मागच्या बाजूला गेला तर तिघं मिळून घ्यायला येऊ लागली.

सिंधूनं पोळ्या करताना पाठमोरीच सांगितलं, "त्या वर्साच्या चैत्रात तुमी अकोल्याले गेलते. लग्न होतं तुमच्या हापिसातल्या कोनाचं तरी. मी नवती आली, आचलची परीक्षा होती."

"कुणाचं लग्न?"

"ते तुमाले माहीत. तुमी गेलते."

मला लग्न आठवेना. मी डोळे मिटून ते आठवायचा प्रयत्न केला, तेव्हा मांडवाऐवजी दुसरंच दिसलं: दगडी गव्हाण, तिचा एक कोपरा फुटलेला, त्यापलीकडे निंबाचं झाड आणि पांढरं लख्ख चांदणं. मी स्वतःला समजावलं की ती दृश्यं मी बाकावर बसून रचली. पण बाकावर मी बॅटरी रचली होती, नाला रचला होता. गव्हाणीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मनकर्णाबाईच्या मुलाचा, बंडूचा, फोन आला. तो चाळिशीचा, शेती करणारा, तोलून बोलणारा माणूस.

"साहेब, तुमी सांगितलं त्या बाजूनं आमी नाल्याच्या काठानं गेलो. बाभळीच्या बुडाशी बॅटरी सापडली."

"त्यांचीच आहे का?"

"ते काही सांगता येत नाई. पार गंजून गेली. पन बंद होती."

सात वर्षं चिखलात पडलेली बॅटरी दुसरं काय असणार, हे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मी बी तेच म्हटलं. पन माय ऐकत नाई. पुतळा बांधून ठेवला हाय काकानं, अमावस्येले जाळाचा म्हनून. माय म्हनते आधी परसातल्या मानसाले आना. तुमी या, अन् काय ते तोंडावर सांगा. आमचं घर निस्तं टांगून राह्यलं."

मी जायचं ठरवलं. खरं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. प्रियदर्शनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "काका, जाऊ नका. आणि गेलात तर काही जोडू नका."

भर दुपारी पोचलो. गावात चिटपाखरू नव्हतं. बंडूनं मला घरातून मागच्या दारानं परसात नेलं. बाहेर पडताच उन्हानं डोळे दिपले, आणि मी न थांबता, काही न दिसता, मान खाली घालून दोन पावलं पुढे गेलो. मागून बंडूचं चालणं थांबलं.

"काय झालं?"

त्यानं वर बोट केलं. दारापासून निंबापर्यंत कपडे वाळवायची तार होती, बरोबर कपाळाच्या उंचीवर. "नव्या मानसाच्या कपायाले लागतेच ते," तो म्हणाला. "पावन्याले आमी आधी सांगतो. तुमाले सांगाचं राहून गेलं."

गोठ्यात गव्हाण होती. तिचा कोपरा फुटलेला होता. गव्हाणींचे कोपरे फुटतातच. याची नोंद मी मनात लगेच घेतली. गाय नव्हती. गोठ्यात एक बाज टाकलेली आणि बाजेवर पळसाच्या पानांचा माणूस निजवलेला. डोक्याला नारळ, अंगावर धुतलेलं धोतर. पानं सुकून कडक झाली होती आणि वारा नसताना मधूनच कुरकुरत होती. मनकर्णाबाई बाजेशेजारी बसून त्याच्यावर पाणी शिंपडत होती, वाळून तुटू नये म्हणून.

"बसा," ती म्हणाली.

मी उभ्यानंच सांगितलं. वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं, कुठल्याही शीर्षकापेक्षा स्वच्छ. "बाई, मी इथे कधीही आलो नव्हतो. कोर्टात मी खोटं बोललो. पासपोर्टासाठी."

तिनं ऐकून घेतलं. बंडूनंही ऐकून घेतलं. मग ती तारेकडे पाहून, जवळजवळ मायेनं म्हणाली, "भेव लागत असन तुमाले. लागू द्या. मी पोलिसायले बोलवत नाई." आणि पुतळ्याच्या छातीवरचं एक पान सारखं केलं. "मले एकच सांगा. याले जाळू का नोको? घरचा मानूस कुठी जित्ता असन अन् मी त्याले इथी जाळलं, त मी कोन झाली मंग?"

बंडू दुसरीकडे पाहत होता. त्याला 'जाळा' हवं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. आईनं एकदाचं रडून मोकळं व्हावं असं त्याला वाटत होतं. 'मला माहीत नाही' हे खरं उत्तर होतं. मी तोंड उघडलं. तिच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून ठिपकत होतं.

"जाळू नका," मी म्हणालो.

मनकर्णाबाईनं दोन्ही हातांनी कपाळावरचं कुंकू नीट केलं. मग उठून नारळ काढून घेतला, धोतराची घडी घातली आणि पानं सोडून शेजारच्या बकऱ्यांपुढे टाकली. बकऱ्यांनी ती खाल्ली. आम्ही तिघं उभे राहून ते पाहत होतो. मी निघताना ती म्हणाली, "बरं झालं भाऊ. आता गुरुवारचं अकोल्याले जानं सुटलं मायं. कंबर लय दुखे त्या बाकावर."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडला की कुणाचं काही वाईट झालेलं नाही. एका बाईला आधार मिळाला, माझा पासपोर्ट आला, आचलनं फोनवर आनंदानं तिकिटांचं विचारलं. सिंधूनं पासपोर्टातला माझा फोटो बराच वेळ पाहिला आणि पासपोर्ट कपाटात ठेवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी अ‍ॅडव्होकेट प्रियदर्शनींचा फोन आला. पहिल्यांदाच त्या घाईत नव्हत्या.

"काका, काल तुम्ही अकोल्याला आला होतात का?"

"नाही. घरीच होतो. सिंधूला विचारा." हे शेवटचं मी का जोडलं कुणास ठाऊक.

त्यांनी जे सांगितलं ते असं. गुरुवारी दुपारी कोर्टात एक इसम आला. वय साठीच्या आसपास, कपडे साधे. शिपायाला त्यानं नाव सांगितलं, किशोर यादवराव उमाळे, राहणार राजापेठ, अमरावती. सात वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात गुन्हा कबूल करायचा आहे, म्हणाला. शिपायानं चौकशी करून सांगितलं की ते प्रकरण निकाली निघालं, उमाळे येऊन कबूल होऊन गेले. इसम म्हणाला, उमाळे मीच. शिपायानं आधार कार्ड मागितलं. ते त्याच्याकडे नव्हतं.

"मग?"

"मग शिपाई म्हणाला, केस बंद झाली, आता तुमचं इथे काही काम नाही, घरी जा. तो थोडा वेळ उभा राहिला म्हणे. मागच्या बाकाकडे पाहत. आणि त्यानं विचारलं, ती बाई आज आली नाही का."

"शिपाई काय म्हणाला?"

"म्हणाला, ती आता येत नाही. तिला तिचा माणूस भेटला."

मी लगेच बंडूला फोन लावला. तो शेतात होता. आई सकाळीच तेल्हाऱ्याला बहिणीकडे गेली आहे, खूप वर्षांनी स्वतःहून गेली, असं तो म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. मग शिपायाला फोन केला. इसम कसा दिसत होता असं विचारलं तेव्हा तो अडखळला आणि म्हणाला, "आता काय सांगू साहेब. तुमच्याचसारखा. साधा."

इसम कोर्टाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला. तिथून तो कोणत्या बाजूला वळला, हे हा मजकूर लिहीपर्यंत समजू शकलेलं नाही.